रोम नेमके कधी कोसळले, आणि त्यातले काय टिकले?

प्रश्न असा आहे : ‘इ.स. ४७६ मध्ये रानटी टोळ्यांनी रोमन साम्राज्य बुडवले, असे शाळेत शिकलो. ते कितपत खरे आहे? आणि पडक्या इमारती सोडल्या, तर रोमचे आज नेमके काय शिल्लक आहे?’ माझी बरीच वर्षे प्राचीन नाण्यांच्या अभ्यासात गेली आहेत. त्यामुळे या उत्तराचा ओढा नाण्यांकडे, म्हणजेच पगार आणि महसूल यांच्याकडे राहील, हे आधीच सांगून टाकतो.

इ.स. ४७६ च्या ४ सप्टेंबर रोजी इटलीतल्या रावेन्ना शहरात ओडोएकर नावाच्या सेनानीने रोम्युलस ऑगस्ट्युलस या पश्चिमेच्या सम्राटाला पदावरून दूर केले, ही घटना खरी आहे. (तेव्हा साम्राज्याच्या पूर्व आणि पश्चिम भागांना वेगवेगळे सम्राट असत.) मात्र ती जवळून पाहिली की तिच्यातले नाट्य बरेच ओसरते. हा सम्राट कोवळ्या वयाचा मुलगा होता. त्याचा बाप ओरेस्टेस हा सेनापती होता आणि त्यानेच जेमतेम दहा महिन्यांपूर्वी मुलाला गादीवर बसवले होते. ओडोएकर आणि त्याचे सैनिक सरहद्द ओलांडून चालून आलेले नव्हते. ते इटलीतल्या रोमन सैन्यातच चाकरीला होते आणि आपल्याला तिथे जमिनी मिळाव्यात, एवढी त्यांची मागणी होती. ओरेस्टेसने ती नाकारली आणि जीव गमावला. मुलाला मात्र कोणी हात लावला नाही. वर्षाला ६,००० सोन्याच्या नाण्यांचा तनखा बांधून देऊन त्याला नेपल्सच्या बाजूला एका हवेलीत पाठवण्यात आले. राजचिन्हे कॉन्स्टॅन्टिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, पूर्वेचा सम्राट झेनोकडे रवाना झाली आणि पश्चिमेला वेगळ्या सम्राटाची गरज नाही, दोन्हीकडे मिळून एक पुरे, असा निरोप गेला. पूर्वेचा दरबार ज्याला कायदेशीर सम्राट मानत होता, तो ज्युलियस नेपोस तर एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व काठावरच्या डाल्मेशियात आणखी चार वर्षे जिवंत होता. रोममध्ये सिनेटच्या बैठका चालू राहिल्या, कॉन्सुल हे वर्षभरासाठीचे मानाचे अधिकारी नेमले जात राहिले, करही गोळा होत राहिला. या साली पश्चिमेचे साम्राज्य संपले, असे स्पष्ट लिहिणारा इतिवृत्तकार आपल्याला भेटतो तो थेट सहाव्या शतकात, आणि तोही कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये बसून लिहिणारा.

मग मोडले ते काय? माझ्या मते पश्चिमेत एक रोजचे रहाटगाडगे मोडले. शेतकरी धान्य आणि सोने यांच्या रूपाने कर भरतो, त्या करातून सैन्याला पगार आणि शिधा मिळतो, ते सैन्य प्रांत राखते, आणि राखलेला प्रांत पुढच्या वर्षी पुन्हा कर भरतो. साम्राज्याच्या वैभवामागे हे चक्र होते आणि ते किती नीट चालले आहे, याची नाडी नाण्यांत सापडते.

पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळातले दिनारियस हे नाणे जवळजवळ निव्वळ चांदीचे होते. इ.स. ६४ मध्ये नीरोने त्याचे वजन आणि चांदी थोडी उतरवली. सेप्टिमियस सेव्हेरसच्या कारकिर्दीत, म्हणजे दुसरे शतक संपून तिसरे सुरू होताना, चांदीचे प्रमाण निम्म्यावर आले. इ.स. २१५ मध्ये काराकालाने एक नवे नाणे काढले. त्याला आज आम्ही अँटोनिनियानस म्हणतो. त्याचे मोल दोन दिनारियस धरले जात असावे, पण वजन जेमतेम दीड दिनारियसचे होते. इ.स. २७० च्या सुमाराचे तेच नाणे तळहातावर घेऊन पाहावे. तांबूस तपकिरी चकती, वर काटेरी मुकुट घातलेला सम्राट, आणि भिंग लावले तर कुठे दाढीच्या खोबणीत, कुठे अक्षराच्या कोपऱ्यात पांढुरक्या मुलाम्याचा एखादा कण. टांकसाळीतून निघताना ते चांदीसारखे चमकत असे, पण आत चांदी शेकडा पाचाहूनही कमी राहिली होती. संग्रहालयात शिकाऊ विद्यार्थी अशी नाणी हमखास तांब्याच्या ढिगात टाकतात. त्यात त्यांची फारशी चूक नसते.

इथे वाचकाला वाटेल की ऱ्हासाची रेघ सरळ खाली उतरत गेली. तसे झालेले नाही, आणि या विषयावर बोलताना हीच गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. इ.स. २३५ ते २८४ या काळात वीसहून अधिक सम्राट झाले, त्यांतले बहुतेक मारले गेले. इ.स. २६० मध्ये व्हॅलेरियन हा सम्राट इराणच्या शापूरच्या हाती जिवंत सापडला. पश्चिमेला गॉल (साधारण आजचा फ्रान्स) आणि पूर्वेला सीरियातले पाल्मायरा वेगळे झाले, वर साथीचा रोग होताच. तिसऱ्या शतकातले हे संकट पाचव्या शतकातल्या संकटापेक्षा लहान नव्हते, तरी साम्राज्य त्यातून उठले. ऑरेलियनने तुटलेले तुकडे पुन्हा जोडले. डायोक्लेशियनने कराची नव्याने आकारणी केली, प्रांत लहान करून त्यांचे बारा विभाग पाडले आणि सैन्य वाढवले. भाव बांधून देणारा त्याचा इ.स. ३०१ चा हुकूम फसला, ही गोष्ट वेगळी. पुढे कॉन्स्टन्टाईनने सॉलिडस हे सोन्याचे नाणे पाडले. एका रोमन पौंडात ७२, म्हणजे एकेक सुमारे साडेचार ग्रॅमचे. हे नाणे पूर्वेत अकराव्या शतकापर्यंत जवळजवळ तसेच टिकले. ज्या साम्राज्याचा ‘ऱ्हास’ चालू आहे असे आपण म्हणतो, त्याने सातशे वर्षे चाललेले चलन काढावे, ही माझ्या मते फार बोलकी गोष्ट आहे.

चौथ्या शतकाच्या मध्यापर्यंत गाडी रुळावर होती. त्यानंतर जे झाले, त्यात बाहेरच्या लोकांचा हात नक्कीच होता, पण ‘टोळधाड आली आणि सगळे फस्त झाले’ असे चित्र डोळ्यांपुढे आणू नये. इ.स. ३७६ मध्ये हूणांच्या भीतीने गॉथ हे जर्मानिक लोक डॅन्यूबच्या काठावर आले आणि त्यांनी रीतसर परवानगी मागितली. सम्राट व्हॅलेन्सने ती दिली, कारण त्याला सैनिक हवे होते. नदी ओलांडलेल्या या निर्वासितांना धान्य पुरवण्याचे काम ज्या अधिकाऱ्यांकडे होते, त्यांनी भुकेचा बाजार मांडला. त्या काळचा इतिहासकार अम्मियानुस सांगतो की हे अधिकारी एका कुत्र्याच्या बदल्यात एक माणूस गुलाम म्हणून घेत होते. दोन वर्षांनी, ९ ऑगस्ट ३७८ रोजी, एड्रियानोपलच्या रणात याच गॉथांनी व्हॅलेन्सला आणि त्याच्या सैन्याच्या मोठ्या हिश्श्याला संपवले. यापुढे साम्राज्याच्या हद्दीत एक असे सैन्य राहिले, जे हरवता येत नव्हते आणि पुरते सामावूनही घेता येत नव्हते. इ.स. ४१० मध्ये गॉथांचा राजा अलारिकने रोम लुटले. त्याआधी पगार, धान्य आणि राहायला प्रदेश या मागण्यांवर त्याच्या वाटाघाटी दीड-दोन वर्षे रेंगाळल्या होत्या.

खरा घाव मात्र आफ्रिकेत बसला. इ.स. ४०६ च्या अखेरीस व्हँडाल, अलन आणि सुएबी लोक ऱ्हाईन ओलांडून गॉलमध्ये आणि तिथून स्पेनमध्ये उतरले. इ.स. ४२९ मध्ये व्हँडालांचा राजा गायसेरिकने आपल्या लोकांना समुद्रापार आफ्रिकेत नेले आणि इ.स. ४३९ मध्ये कार्थेज घेतले. आजच्या ट्युनिशियाच्या आसपासचा हा प्रांत पश्चिमेचे कोठार होता. रोमची भाकरी तिथल्या गव्हाची, दिवे तिथल्या तेलाचे, आणि खजिन्यातली मोठी रक्कमही तिथलीच. पाच वर्षांनी, इ.स. ४४४ मध्ये, पश्चिमेचा सम्राट व्हॅलेन्टिनियन तिसरा याने विक्रीवर नवा कर बसवला : दर सॉलिडसमागे एक सिलिक्वा, म्हणजे चोविसावा हिस्सा. त्या कायद्याच्या मजकुरात अशी कबुलीच आहे की पिळून निघालेल्या करदात्यांकडून जे मिळते, त्यात जुन्या आणि नव्या सैनिकांचे अन्नवस्त्रही भागत नाही. रहाटगाडग्याचे पोहरे रिकामे वर येऊ लागले होते. इ.स. ४६८ मध्ये पूर्व आणि पश्चिम यांनी मिळून आफ्रिका परत घेण्यासाठी प्रचंड आरमार पाठवले. व्हँडालांनी पेटती जहाजे त्यावर सोडली आणि मोहीम बुडाली. पूर्वेचा खजिना या खर्चातून पुढे सावरला. पश्चिमेकडे सावरण्यासाठी काही उरलेच नव्हते. ४७६ ही त्यानंतरची आवरासावर होती.

सरहद्दीवर हे कसे दिसत असेल? युगिप्पियस या मठाधिपतीने इ.स. ५११ च्या सुमारास संत सेव्हेरिनसचे चरित्र लिहिले, त्यात डॅन्यूबवरच्या बाटाविस या ठाण्याची, म्हणजे आजच्या जर्मनीतल्या पासाऊची, हकीकत आहे. साम्राज्य उभे होते तोवर अनेक गावांतल्या सैनिकांना सरकारी तिजोरीतून पगार मिळे. तो बंद झाल्यावर तुकड्या विरघळल्या आणि सरहद्दही त्यांच्याबरोबर गेली. बाटाविसची तुकडी तेवढी तग धरून होती. तिच्यातले काही जण आपल्या सोबत्यांचा शेवटचा पगार आणायला इटलीकडे निघाले आणि वाटेत मारले गेले. त्यांची प्रेते नदीने काठाला आणून टाकली, तेव्हा मागच्यांना कळले. इतक्या वर्षांच्या वाचनात रोमन सत्तेच्या अंताचे याहून नेमके वर्णन माझ्या पाहण्यात आलेले नाही.

ऱ्हासाची इतर कारणे लोक सांगतात, त्यांना तोटा नाही. एका जर्मन अभ्यासकाने आजवर मांडली गेलेली कारणे मोजली, ती २१० भरली. शिशाच्या नळांमुळे विषबाधा झाली, हे कारण गप्पांत फार चालते. पण त्या नळांना आतून चुन्याचा थर चढे आणि पाणी सतत वाहते असे. ख्रिस्ती धर्माने लढाऊ वृत्ती मारली, असेही म्हणतात. मग जास्त ख्रिस्ती असलेला पूर्वेकडचा अर्धा भाग आणखी हजार वर्षे कसा टिकला? पूर्वेकडे श्रीमंत प्रांत, म्हणजे इजिप्त, सीरिया आणि आशिया मायनर, समुद्राच्या आणि कॉन्स्टॅन्टिनोपलच्या तटबंदीच्या आड सुरक्षित होते. कराचे चक्र तिथे फिरत राहिले. तिथले लोक १४५३ पर्यंत स्वतःला रोमनच म्हणवत होते, ‘बायझन्टाईन’ हे नाव त्यांना नंतरच्या विद्वानांनी चिकटवले. आपल्याकडच्या बखरींतून ‘रूमशाम’ असा शब्द भेटतो. त्यातले ‘शाम’ म्हणजे सीरिया आणि ‘रूम’ म्हणजे तुर्कांच्या ताब्यात गेलेला हा रोमनांचा मुलूख.

आता सामान्य माणसाच्या आयुष्यात काय बदलले ते पाहू, कारण ‘ऱ्हास झालाच नाही, नुसते स्थित्यंतर झाले’ असे म्हणण्याची मधल्या काळात अभ्यासकांत चाल पडली होती आणि खापरे हाताळणाऱ्या कोणालाही ती पटणे अवघड आहे. रोममध्ये मोन्ते तेस्ताच्चो नावाची सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी आहे. ती सगळी फुटक्या तेलकुंभांची आहे. बहुतेक कुंभ दक्षिण स्पेनमधले, एकेकात सत्तर लिटरच्या आसपास तेल मावेल असे, आणि अनेकांवर वजन, व्यापारी आणि तपासनीस यांची नावे शाईने लिहिलेली. ही उलाढाल एकीकडे ठेवा आणि दुसरीकडे पाचव्या शतकातले ब्रिटन ठेवा. रोमन सैन्य गेल्यावर दोन-तीन पिढ्यांत तिथे कुंभाराचे चाकच बंद पडले. भांडी हाताने थापली जाऊ लागली, विटा आणि कौले पाडणे थांबले, नवी नाणी येईनाशी झाली. १९९२ मध्ये सफोकमधल्या हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना सुमारे १५,००० नाण्यांचा साठा सापडला. त्यातली चांदीची बरीच नाणी कडेने कातरलेली आहेत. चांदी काढून घ्यायची, पण नाणे चालले पाहिजे, म्हणून कात्री सम्राटाच्या चेहऱ्यापाशी येऊन थांबलेली दिसते.

खुद्द रोम शहर ऑगस्टसच्या काळी दहा लाखांच्या घरात होते, सहाव्या शतकात ते काही दहा हजारांवर आले. इ.स. ५३७ मध्ये गॉथांनी शहराला वेढा घालून जलवाहिन्या तोडल्या, तेव्हा जानिक्युलम टेकडीवरच्या पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या थांबल्या. शहर राखणारा, आत अडकलेला पूर्वेच्या सम्राटाचा सेनापती बेलिसारियस डोक्याने तल्लख होता. त्याने टायबर नदीत नावा जोडीजोडीने बांधल्या, दोन नावांच्या मध्ये पाणचक्की बसवली, आणि शहराचे दळण नदीवर दळले. या तरत्या गिरण्या पुढे कित्येक शतके टायबरवर राहिल्या. संगमरवरी स्नानगृहे ओस पडली ती पडलीच.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळायला हा धागा उपयोगी पडतो, कारण जे टिकले ते बहुधा कोणाच्या तरी रोजच्या उपयोगात राहिले म्हणून टिकले. रोममधल्या पॅन्थिऑन या देवळाचा घुमट ४३ मीटरहून अधिक व्यासाचा आहे, लोखंडी सळईशिवाय ओतलेल्या काँक्रीटचा याहून मोठा घुमट जगात आजही नाही. तो मजबूत आहे हे खरेच, पण इ.स. ६०९ मध्ये त्या देवळाचे चर्च झाले म्हणून तो वाचला. कलोसियम कोणाच्या कामाचे राहिले नाही आणि शहराने त्याचा दगड खाण असल्यासारखा काढून नेला. डायोक्लेशियनने पाडलेल्या बारा विभागांना ‘डायोसीस’ म्हणत. साम्राज्य गेले, शब्द बिशपांनी उचलला आणि आज गोवा-दमणच्या धर्मप्रांतापर्यंत तो चालतो आहे.

भाषेचेही तेच. लॅटिन ‘मेली’ असे म्हणतात, पण ती बोलणाऱ्यांच्या तोंडात बदलत गेली आणि तिची इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच, रुमानियन, पोर्तुगीज झाली. इ.स. ८१३ मध्ये तूर येथे भरलेल्या धर्मसभेने प्रवचने लोकांच्या ‘गावठी रोमन’ बोलीत द्यावीत असे ठरवले, तेव्हा दोन्हींतले अंतर जाहीरपणे मान्य झाले. पोर्तुगीजांमार्फत हे शब्द आपल्या घरांतही आले आहेत. ‘पाव’ हा लॅटिन ‘पानिस’चा नातू, ‘चावी’ ‘क्लाव्हिस’ची, ‘नाताळ’ ‘नातालिस’चा. ‘पगार’ हा ‘पाकारे’ या क्रियापदापासून आला, ज्याचा अर्थ शांत करणे, समाधान करणे. पाचव्या शतकातल्या सैनिकांचा विचार केला तर ही व्युत्पत्ती मला नेहमी चपखल वाटते. त्याहून जुनी ओळख ‘दीनार’ या शब्दाची. गुप्तकालीन लेखांत तो सोन्याच्या नाण्याला वापरलेला आहे आणि त्याचे मूळ दिनारियसमध्येच आहे.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती भूमध्य समुद्राकडून आली, यात वाद नाही. दख्खनमध्ये ‘रोमन मद्यकुंभांची खापरे’ म्हणून नोंदलेल्या सगळ्याच तुकड्यांबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. फेरतपासणीत त्यांतले बरेचसे मेसोपोटेमियातल्या निमुळत्या बुडाच्या रांजणांचे निघाले. त्यामुळे रोम कोसळले म्हणून सातवाहनांची नगरे ओस पडली, असा सरळ हिशेब कोणी मांडला, तर तो तपासून घ्यावा.

या सगळ्या वारशात मला सर्वांत मोठा वाटतो तो कायदा. पूर्वेचा सम्राट जस्टिनियनने इ.स. ५२९ ते ५३४ या पाच-सहा वर्षांत ट्रिबोनियन या कायदेपंडिताच्या हाताखाली हजार वर्षांचा कायदा संकलित करून घेतला. जुन्या न्यायशास्त्र्यांच्या तीस लाख ओळी दीड लाखांवर आणून ५० भागांचा ‘डायजेस्ट’ सिद्ध झाला, असे खुद्द सम्राटच सांगतो. पश्चिम युरोपात हे संकलन पुढे जवळजवळ विस्मरणात गेले. अकराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत व्यापार वाढला, करार, भागीदारी आणि वारसा यांचे तंटे वाढले, तेव्हा बोलोन्यात इर्नेरियसने डायजेस्ट शिकवायला घेतला आणि युरोपभरचे विद्यार्थी तिकडे धावले. कब्जा आणि मालकी यांतला फरक किंवा करारात परस्पर संमतीचे महत्त्व या कल्पना तिथून आधुनिक संहितांत शिरल्या. जर्मनीच्या काही भागांत तर १ जानेवारी १९०० रोजी नवी नागरी संहिता लागू होईपर्यंत न्यायालयात जस्टिनियनचा आधार थेट देता येत होता. दक्षिण आफ्रिका आणि श्रीलंका इथे डचांनी नेलेला रोमन कायदा आजही पायाशी आहे.

गोव्यातले वाचक यावर म्हणतील की आमच्याकडेही १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कायदा चालतो, तोही रोमनच ना? बऱ्याच अंशी होय. गोव्यात वारस असताना माणसाला मृत्युपत्राने आपली सगळी मिळकत परक्याला देता येत नाही, अर्धा हिस्सा मुलाबाळांसाठी राखीव राहतो आणि त्याला ‘लेजितिमा’ म्हणतात. हा शब्द आणि ही कल्पना दोन्ही रोमन आहेत. इ.स. ५३६ मध्ये जस्टिनियनने हा राखीव वाटा चार किंवा त्याहून कमी मुले असतील तर एक तृतीयांश, आणि अधिक असतील तर अर्धा ठरवला होता. पण त्याच कायद्यातली दुसरी प्रसिद्ध तरतूद, लग्नानंतर नवराबायकोची मिळकत एकत्र होऊन दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असण्याची, ही रोमन नव्हे. रोमन कायद्यात पतीची आणि पत्नीची मालमत्ता वेगळी असे, मध्ये हुंडा असे, आणि दोघांनी एकमेकांना भेट दिली तरी ती कायद्याने टिकत नसे. सामाईक मिळकतीची ही चाल मध्ययुगीन पोर्तुगालच्या रूढीतून आली आणि रोमन नियमांशेजारी एकाच संहितेत येऊन बसली.